पायात वहाण नाही

“दहापैकी साडेसहा,” तो पोरगा माइक ओठांना चिकटवून म्हणाला. “बीट कडक आहेत. सुदेशभाऊंचा नाद नाही करायचा. ताईंचं लिखाण बरं आहे, पण शब्द फार. ऐकणाऱ्याला दम खायला वेळच मिळत नाही. आणि खरं सांगू का, अल्बम चालला तो त्या भोंगेवाल्या काकामुळं. काका नसता तर मी दुसऱ्या गाण्याच्या पुढं गेलोच नसतो.”

टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी काकाची नक्कल केली, नाकातून, चिरक्या आवाजात : “हिरवं लुगडं!” पुढच्या बाकांनी उत्तर दिलं : “पायात वहाण नाही!” आणि चार-पाच चपला हवेत उडाल्या. एक माझ्या खुर्चीच्या पायाशी येऊन पडली.

तो भोंगेवाला काका म्हणजे माझा बाप.

मी काही बोलले नाही, कारण बोलायचं नाही असा नियम होता. प्रज्वल नावाच्या पोराचं रॅपवर मतं देणारं चॅनेल होतं. नवा अल्बम आला की तो ऐकणाऱ्यांना एका जागी बोलवायचा, प्रत्येकाच्या हातात माइक द्यायचा आणि मार्क द्यायला लावायचा. कलाकारांनी समोर खुर्च्यांवर बसून ऐकायचं. सगळ्यांचं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कॅमेरा आमच्या चेहऱ्यांवर लावलेला असायचा, कारण बघणाऱ्यांना मजा त्यातच यायची. त्या रविवारी सकाळी सांगलीतल्या एका क्लासचा हॉल त्याने मिळवला होता. भिंतीभर बारावीला चांगले मार्क मिळवलेल्या पोरांचे फोटो होते. खाली बाकांवर बसून ही पोरं मला मार्क देत होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीत सुदेश मगदूम बसला होता. अल्बमचे सगळे बीट त्याचे, सगळे शब्द माझे. अल्बमचं नाव ‘हद्दवाढ’. शहराची हद्द वाढली, आमची वस्ती कागदावर शहरात आली आणि पाणी मात्र गावातच राहिलं, त्यावरची नऊ गाणी. सुदेशच्या मामाच्या मोबाइल दुकानावर एक खोली होती, तिथं आम्ही दोन वर्षं घासली. मी एम.कॉम. करत करत लिहीत होते. सुदेश दिवसा खाली दुकानात स्क्रीनगार्ड चिकटवायचा आणि वर येऊन माझ्या एकेका ओळीसाठी तास तास बसायचा. त्याचे कान चांगलेच होते, अजूनही आहेत. ते मी नाकारत नाही.

माझे वडील, अण्णा, रिक्षावर भोंगे लावून जाहिराती करायचे. साड्यांचा सेल, सर्कस, प्रचारसभा, नळाला पाणी येणार नाही, अमक्याचं दुःखद निधन. घरी स्वयंपाकघरात डोक्यावरून गोधडी घेऊन ते मोबाइलमध्ये आवाज भरायचे. गोधडीत आवाज घुमत नाही म्हणे. लहानपणी मी शेजारी बसून बॅटरी धरायची. लांबलचक वाक्य एका दमात कसं न्यायचं ते मी तिथं शिकले. पुढं त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि वर्षभरात अण्णाही गेले. मागं एक पेन ड्राइव्ह राहिला, त्यात शंभर-दोनशे जाहिराती.

तो पेन ड्राइव्ह मी सुदेशला दिला तो एकाच कामासाठी. शेवटचं गाणं पाण्यावरचं होतं. त्याच्या सुरुवातीला अण्णांची ‘उद्या पाणी येणार नाही’ ही जाहिरात सबंध लावायची, वर बीट नको, असं ठरलं होतं. मी ऐकलेल्या शेवटच्या प्रतीत तसंच होतं. पण अल्बम लोकांसमोर गेला तेव्हा तिसऱ्या गाण्यात माझ्या धृपदाच्या जागी अण्णा होते. आवाज वर ओढलेला, चिरका केलेला. “हिरवं लुगडं, हिरवं-हिरवं लुगडं, पायात वहाण नाही, नाही-नाही-नाही.” नाही म्हटलं की ढोल. साड्यांच्या आणि चपलांच्या सेलमधले तुकडे जोडले असतील, असं मला वाटलं.

“सरप्राइज!” सुदेश फोनवर म्हणाला होता.

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आठवडाभर त्याचा फोन घेतला नाही. पण तोवर गाणं गावभर झालं. ‘वहाण नाही’ म्हटल्यावर पायातली चप्पल भिरकावायची असा नाच कुणीतरी काढला आणि पोरंपोरी त्याचे व्हिडिओ टाकायला लागली. हळदीला नवरीकडच्या बायका हिरव्या साड्या नेसून त्यावर नाचायला लागल्या. माझी आई तर शेजारणींना बोलावून ऐकवायची. “ह्यांचा आवाज हाय,” म्हणायची आणि डोळे पुसायची. तिच्यासमोर मी काय बोलणार? सुदेश घरी आला, आईच्या पाया पडला, म्हणाला, “काकी, अण्णांचा आवाज लाखो लोकांनी ऐकला.” आईने त्याला पोहे दिले. मी गिळून बसले.

गिळलेलं पचलं मात्र नव्हतं. म्हणून त्या हॉलमध्ये माझ्या कानशिलावर शीर उडत होती. एक जण उठून सांगत होता की बाईचा आवाज रॅपला जरा जड वाटतो. दुसरा म्हणत होता की जड आहे तेच बरंय. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “मला ना त्यातलं रॉ-पण आवडलं. म्हणजे कसं, शिकलेलं वाटत नाही.” मी प्राध्यापकीच्या सेट परीक्षेचा अभ्यास करत होते तेव्हा. आणि प्रत्येकाचं गाडं शेवटी येऊन थांबायचं ते काकावर. काका लय भारी. काका कुठं भेटला? काकाला पुढच्या अल्बममध्ये घ्या. पाण्यावरचं गाणं कुणी ऐकलं होतं का, देव जाणे. त्याचं नाव एकाच्याही तोंडून आलं नाही.

“शेवटचं मत,” प्रज्वल म्हणाला. “मागं एक काकू बसल्यात. वा! आपल्याला सगळ्या वयाचे श्रोते आहेत बघा. काकू, या की पुढं. दहापैकी किती?”

चाळिशीची एक बाई उठली. साधी साडी, खांद्यावर पर्स घट्ट धरलेली. तिने माइक हातात घेतला आणि तो कुठं धरायचा ते न कळून छातीपाशी धरला. प्रज्वलने तो वर सरकवला.

“मला मार्क द्यायचं न्हाईत,” ती म्हणाली. “मी मंदाकिनी ऐवळे. कुपवाडास्नं आलीया. त्या गाण्यात जी बाई हाय न्हवं, हिरव्या लुगड्याची, ती आमची सासू.”

पोरं हसली. त्यांना वाटलं, काकूंनी पण टाकला डायलॉग. दोघांनी शिट्ट्या मारल्या. बाई थांबली, हसणं संपू दिलं आणि त्याच आवाजात पुढं बोलली.

“आमच्या सासूबाई बाजारातनं हरवल्या. त्यास्नी विसरायचा आजार हुता. तेव्हा ह्या ताईंच्या वडलांनी जाहिरात केलेली, ती ही. हिरवं लुगडं हुतं अंगावर. वहाण घरातच राहिल्याली. त्या अजून सापडल्या न्हाईत.”

शिट्टी मारणाऱ्याने बोटं तोंडातून काढली. मी सुदेशकडे बघितलं. तो समोरच्या फरशीकडे बघत होता.

“माझं मालक बँडात ट्रम्पेट वाजवत्यात,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “पहिल्यांदा हे गाणं लागलं तवा आमी रस्त्यानं चाललो हुतो. त्यांनी हात धरून मला थांबवलं. म्हनले, लागली बघ जाहिरात, कुणीतरी परत लावली. आता फुडं नाव येतंय, फोन नंबर येतोय म्हनून आमी दोघं हुबं राहिलो. तर नाव आलंच न्हाई. पोरं चपला उडवाय लागली.”

प्रज्वलने कॅमेरेवाल्याकडे बघून हातानेच चालू ठेव अशी खूण केली. ती खूण मी पाहिली.

“मग लग्नात सगळी तेच मागाय लागली. बँडवाल्याला फर्माईश आली की वाजवाय लागतं. त्यांनी चार लग्नात वाजवलं. पाचव्याला एकानं चप्पल उडवली ती ट्रम्पेटला लागली. ह्यांनी त्याच्या मुस्काटात दिली. बँडमालकानं तवाच घरी पाठवलं त्यास्नी. आज पण ते येणार हुते, पण म्हनले, तूच जा. माझा हात उठंल.”

नियम गेला खड्ड्यात म्हणून मी उठले. “ताई, ते गाणं आजच्या आज काढून टाकू आपण.”

“दर्शना,” सुदेश पुटपुटला, “खाली बस.”

पण मंदाकिनीबाईंनी जोरात मान हलवली. “न्हाई न्हाई, काढू नगा. काढू नगा म्हनून तर आलीया! तुमचं वडील दर बाजाराला लावायचे ती जाहिरात, पैसं न घेता. ते गेलं तशी बंद पडली. पोलिसात आता कोण इचारत न्हाई. पर ह्ये गाणं कुठं कुठं जातंय. माझी भाची सुरतेला हाय, तिथं बी वाजलं म्हनली. मालक म्हनत्यात, एवढ्या लोकांपातुर आपल्याच्यानं कवा पोचलं असतं? तर एवढंच करा. फुडचं बी लावा. नाव, आन नंबर. बास.”

हात जोडून त्या उभ्या राहिल्या. माइक दोन्ही तळव्यांच्या मध्ये आला होता.

मी सुदेशकडे वळले. “फाइल आहे ना तुझ्याकडं? सबंध?”

“असंल कुठंतरी.”

“लॅपटॉपमध्ये आहे. तुझ्या पायाशी ठेवलाय तो.”

“अगं, ऐक की.” तो उठून माझ्या कानाशी आला. माझ्या गळ्याला कॉलर माइक लावलेला होता हे तो विसरला, त्यामुळे त्याचं कुजबुजणं सगळ्या हॉलने ऐकलं. “वाईट वाटतंय मला पण. पण गाण्यात चाळीस सेकंद जाहिरात घातली तर गाण्याची पार वाट लागंल. लोक तिथंच पुढं ढकलत्यात. ती बाई तिच्या जागी बरोबर हाय. पण हे गाणं हाय, भोंगा न्हवं.”

“तू ती जाहिरात सगळी ऐकली होतीस?”

“म्हणजे?”

“मधलं कापायचं तर आधीचं आणि नंतरचं ऐकावंच लागतं. बेपत्ता हा शब्द ऐकलास ना? नाव ऐकलंस?”

सुदेशने मानेमागं हात फिरवला. स्क्रीनगार्ड चिकटवताना काचेवर हवेचा फुगा राहिला की तो तसंच करायचा.

“ऐकलं की,” तो म्हणाला. “सापडली असंल म्हटलं.”

मला आजवर माणसांनी पुष्कळ दुखावलंय. शिव्या खाल्ल्यात, एकदा स्टेजवर बाटलीही आली. पण त्या तीन शब्दांनी जेवढी आग लागली तेवढी कशानेच लागली नाही. सापडली असंल म्हटलं! एक फोन करायचा होता. नंबर त्याच जाहिरातीत होता, त्याच्या कानात दहा-वीस वेळा वाजला असेल. नंबर वाजू दिला, नाव वाजू दिलं आणि त्यातून त्याला हवा तेवढा ठेका कापून घेतला. वर अण्णांचा आवाज चिरका केला, म्हणजे मलाही ओळखू येऊ नये की ही कुठल्या प्रकारची जाहिरात. कारण हरवलेल्या माणसाची जाहिरात अण्णा वेगळी म्हणायचे, सावकाश, शब्दाशब्दाला थांबून. मूळ वेगात ऐकली असती तर मला पहिल्या ओळीला कळलं असतं.

“फोन का नाही केलास?”

“माझ्या डोक्यात नाही आलं, दर्शना. मी बीट करत होतो.”

एवढ्यात प्रज्वल पुढं आला. त्याला वाटलं असावं की आपण मोठी मध्यस्थी करतोय. चेहऱ्यावर दुःख आणून तो म्हणाला, “मित्रांनो, आज आपण एक खूप भावनिक क्षण अनुभवतोय. पण इथं निर्णय कुणाचा? ऐकणाऱ्यांचा. आपल्या चॅनेलची हीच परंपरा आहे. तर मतं घेऊ. ज्यांना वाटतं की गाण्यात ही पूर्ण जाहिरात घ्यावी, त्यांनी हात वर करा.”

“अरे, मतं कसली घेतोस?” मी ओरडले.

“ताई, नियम. कलाकारांनी मध्ये बोलायचं नाही.”

सहा-सात हात वर झाले. त्यात ती ‘शिकलेलं वाटत नाही’ म्हणणारी मुलगी होती, हेही सांगितलं पाहिजे. तिने हात चांगला ताठ धरला होता. मंदाकिनीबाई मागं वळून हात मोजत होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

“आणि गाणं आहे तसंच राहावं?”

आधी कुणीच नाही. मग एक, मग दोघं, मग बाकच्या बाक. काहींनी कोपर टेकवून नुसता पंजा वर केला, म्हणजे केला पण आणि नाही पण. साडेसहा मार्कवाला उठून सांगायला लागला, “म्हणजे काकूंबद्दल आदर आहेच. पण गाण्याचा फील जाईल. खाली वर्णनात नंबर टाका ना. ज्याला बघायचं तो बघेल.” सगळ्यांना ते पटलं. माना हलल्या. किती सोपं काम झालं! कुणी वाईट ठरलं नाही आणि गाणंही वाचलं.

“बरोबर बोलला,” सुदेश म्हणाला. “वहिनी, नंबर सांगा, आत्ता टाकतो. आत्ताच्या आत्ता.” त्याने मोबाइल काढलासुद्धा.

मंदाकिनीबाईंनी नंबर सांगितला. शहाण्या मुलीसारख्या एकेक आकडा सावकाश बोलल्या. मग विचारलं, “वर्णन म्हंजी कुठं दिसंल ते?”

“गाण्याच्या खाली. तिथं ‘आणखी’ असं लिहिलेलं असतंय, त्यावर दाबायचं.”

“आमाला तर कवा दिसलं न्हाई.”

“असतंय, वहिनी.”

तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. त्या रडल्या नाहीत. सरकारी खिडकीवरून ‘उद्या या’ ऐकून माणसं जशी पर्स बंद करतात, तशी त्यांनी पर्स बंद केली आणि प्रज्वलच्या हातात माइक द्यायला निघाल्या.

तो माइक मध्येच मी घेतला.

“लॅपटॉप उघड,” मी सुदेशला म्हणाले. “निदान इथं लाव. या हॉलमध्ये. यांना एकदा तरी सगळी ऐकू दे.”

“डोकं फिरलंय काय तुझं? कॅमेरा चालू हाय.”

“लाव.”

“ती फाइल मी काढून टाकली,” तो म्हणाला. तो खोटं बोलत होता. सुदेश साधा खोकलासुद्धा काढून टाकत नसे. त्याच्याकडे माझ्या पहिल्या दिवसापासूनचे सगळे चुकलेले टेकसुद्धा होते. मी लॅपटॉपकडे वाकले तर त्याने बॅग उचलून पोटाशी धरली. दोन वर्षं ज्याच्याशेजारी बसून मी शब्द जुळवले तो माणूस माझ्या बापाचा आवाज बॅगेत घालून पोटाशी धरून उभा होता, आणि समोर पन्नास पोरं मोबाइल वर करून ते टिपत होती.

मी वळले. “मंदाताई, तुम्हाला पाठ आहे का?”

“काय?”

“जाहिरात.”

“हाय की,” त्या म्हणाल्या. “सगळ्या घराला पाठ हाय.”

“मग सांगा मला. मी म्हणते.”

त्या माझ्याजवळ आल्या. माझ्या दंडाला धरून, एकेक ओळ हळू सांगायला लागल्या, आणि मी ती माइकवर म्हणायला लागले. बीट नव्हता. मी डोळे मिटले नाहीत, हॉलकडे रोखून बघत म्हटलं. माझा राग एवढा होता की पहिल्या शब्दाला आवाज फाटला. मग मला सावकाश जायचं आठवलं.

“ऐका हो ऐका. कुपवाड येथून एक वयस्कर महिला बेपत्ता आहेत.”

“काय चाललंय हे?” मागून कुणीतरी म्हणालं. दोघं उठून चहाला गेले. मी त्यांची पाठ दारापर्यंत बघितली.

“रंग सावळा. उंची पाच फूट. कपाळावर तुळशीचं गोंदण. अंगावर हिरवं लुगडं.” इथं एका बाकावरून सवयीने आवाज आला, “पायात...” आणि शेजारच्याने कोपर मारल्यावर थांबला. “पायात वहाण नाही. नाव विचारल्यास सांगता येत नाही. केराबाई अशी हाक मारल्यास ओळखत नाहीत. आक्का म्हटल्यास थांबतात.”

ही ओळ मंदाकिनीबाईंनी मला सांगितली तेव्हा त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली. मला पहिल्यांदा ती म्हातारी दिसली. नुसतं लुगडं नाही, बाई दिसली. सुरतेपासून सांगलीपर्यंत लाखो लोक तिचं लुगडं आणि तिचे अनवाणी पाय ओरडत होते. त्यातला एक जरी तिच्यासमोर आला असता, तरी ज्या एका हाकेला ती थांबली असती ती हाक त्याला ठाऊक नव्हती. ती सुदेशने कापली होती, कारण ती तालात बसत नव्हती.

“नाव, केराबाई दगडू ऐवळे,” मी म्हणाले. “वय वर्षे सदुसष्ट...”

“न्हाई,” मंदाकिनीबाई एकदम मोठ्याने म्हणाल्या.

मी थांबले. “चुकलं का? तुम्हीच आत्ता सदुसष्ट म्हणालात.”

“ते तवाचं. मी पाठ हाय तसं बोलून गेले. तीन वर्सं झाली न्हवं का.” त्यांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. “आता सत्तर म्हना.”

मी सत्तर म्हटलं. नंबर दोनदा म्हटला. मग कॉलर माइक काढून खुर्चीवर टाकला आणि मंदाकिनीबाईंना घेऊन खाली उतरले. जिन्यात सुदेशची हाक आली, “दर्शना, अगं थांब की!” मी थांबले नाही. त्यानंतर आम्ही दोघांनी एकही गाणं केलं नाही.

गाणं आहे तसंच आहे. त्याच्या खात्यावर आहे, काढणं माझ्या हातात नाही. नंबर वर्णनात आहे, ‘आणखी’वर दाबलं की दिसतो. प्रज्वलने त्या दिवसाचा व्हिडिओ टाकला तो मात्र फार चालला. त्याखाली लोकांनी हजारो मतं दिली. रडलो, काटा आला, ताई तुस्सी ग्रेट हो. काहींनी लिहिलं की हे सगळं ठरवून केलेलं नाटक आहे, काकू नटी वाटते. मंदाताईंच्या नंबरवर फोन आले ते दोन. दोन्ही पोरं हसत होती.

मी आता एकटीच कार्यक्रम करते. नव्या पोरांचे बीट घेते, पण सुरुवातीला बीट लावू देत नाही. आधी जाहिरात म्हणते, सबंध, सावकाश. आयोजक कपाळाला हात लावतात. गर्दी पहिल्या दोन ओळींना टाळ्या वाजवते, मग कुजबुजते, मग ‘गाणं म्हण, गाणं म्हण’ सुरू होतं. मला राग येतो, आणि तो आल्याशिवाय मला पुढचं नीट म्हणताही येत नाही.

गेल्या महिन्यात कराडला एकाने अगदी स्टेजला खेटून विचारलं, “ओ ताई, अजून सापडली न्हाई व्हय म्हातारी?” सगळे हसले. मी हसणं संपू दिलं.

“नाव, केराबाई दगडू ऐवळे,” मी म्हटलं. “वय वर्षे सत्त्याहत्तर.”